१६एस तसंच, पण फॉस्फरस निघेना झालाय. मेटाप्रोटिओमिक्स करून काही कळेल का?

गाळातली_मासोळी

नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

माझं पीएचडीचं काम सांडपाण्यातला फॉस्फरस काढणाऱ्या जिवाणूंवर चाललंय. लॅबमध्ये छोटा रिॲक्टर आहे, ६ तासांचं चक्र, आधी हवा बंद ठेवून ॲसिटेट द्यायचं, मग हवा सोडायची, मग गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी काढून घ्यायचं. बरेच महिने मस्त चाललं होतं, बाहेरच्या पाण्यात फॉस्फेट जवळपास नसायचंच. आता ते हळूहळू वाढत चाललंय आणि कारण काही सापडत नाहीये. गंमत म्हणजे १६एस (कोणते जिवाणू आहेत ते सांगणारी डीएनए टेस्ट) करून बघितलं तर मंडळी तीच. फॉस्फरस साठवणारा अक्युम्युलिबॅक्टर जिथल्या तिथे, ॲसिटेट खाऊन फॉस्फरस न साठवणारा कॉम्पेटिबॅक्टर किंचित वाढल्यासारखा वाटतो पण सगळं खापर त्याच्यावर फोडावं इतका नाही.

गाईडचं म्हणणं की कोण आहे ते कळलंय, आता कोण काय करतंय ते बघ, म्हणजे गाळातल्या सगळ्या जिवाणूंची प्रोटिन्स एकत्र बघ (हेच मेटाप्रोटिओमिक्स). आमच्या ग्रुपमध्ये हे कुणीच केलेलं नाही. एक ट्रायल सॅम्पल मास स्पेकवाल्यांना (मास स्पेक्ट्रोमीटर, रेणूंची वजनं मोजणारं मशीन) दिलं, त्यांनी युनिप्रॉट या सार्वजनिक प्रोटीन डेटाबेसमधले सगळे बॅक्टेरिया डेटाबेस म्हणून लावले, आणि स्पेक्ट्रा ढीगभर येऊनसुद्धा ओळख पटलेले दहा टक्क्यांच्याही खाली. हे असंच असतं का? की सॅम्पलच खराब होतं? आणि मुळात हे करावं की सरळ आरएनए सिक्वेन्सिंग करावं, कारण मला हवा बंद असतानाचा आणि हवा चालू असतानाचा फरकसुद्धा बघायचा आहे.

पेप्टाइडपुराण

दहा टक्के बघून घाबरू नकोस, एवढा मोठा डेटाबेस लावला की तेवढंच येतं. सॅम्पल खराब असेलही, पण त्या आकड्यावरून ते ठरत नाही.

मशीन प्रोटीन वाचत नाही हे आधी डोक्यात पक्कं कर. ट्रिप्सिन लायसिन आणि आर्जिनिनच्या पुढे कापतं, जे पेप्टाइड होतात त्यांचं वजन मोजलं जातं, मग एकेक पेप्टाइड फोडून त्याच्या तुकड्यांची वजनं मोजली जातात, आणि मग सॉफ्टवेअर तुझ्या डेटाबेसमधल्या पेप्टाइडांचे अपेक्षित स्पेक्ट्रा काढून कुठला जुळतो ते बघतं. म्हणजे जे डेटाबेसमध्ये नाही ते मशीनने कितीही स्वच्छ मोजलं तरी सापडणार नाही. आणि "जवळचा नातेवाईक आहे ना डेटाबेसमध्ये" हे इथे फारसं चालत नाही. हिशोब करून बघ, तुझ्या गाळातलं प्रोटीन आणि युनिप्रॉटमधलं प्रोटीन ९५ टक्के सारखं आहे असं धर, पेप्टाइड १२ अमिनो आम्लांचं धर, तर ते पेप्टाइड दोन्हीकडे अगदी जसंच्या तसं असण्याची शक्यता साधारण ५४ टक्के. ९० टक्के सारखं असेल तर २८. एक अमिनो आम्ल बदललं की वजन बदललं आणि जुळणी गेली. दुसऱ्याच शाळेचा हजेरीपट घेऊन वर्गात नावं पुकारल्यासारखं आहे ते, मुलं सगळी बसलेली असतात पण "हजर" कोण म्हणणार.

दुसरा मार बसतो तो आकाराचा. डेटाबेस जितका फुगवशील तितकी योगायोगाने जुळणारी पेप्टाइड वाढतात. खोट्या जुळण्या किती हे मोजायला आपण उलट्या सिक्वेन्सची डिकॉय यादी जोडतो, आणि डिकॉयचे आकडे वाढले की १ टक्का एफडीआर (खोट्या जुळण्यांचं प्रमाण) पाळण्यासाठी स्कोअरची रेषा वर सरकवावी लागते, त्यात खऱ्या जुळण्यासुद्धा कापल्या जातात. म्हणजे मोठा डेटाबेस लावून जास्त सापडेल ही समजूत उलटी आहे, बहुतेक वेळा कमी सापडतं.

त्यामुळे उपाय एकच, त्याच गाळाचं मेटाजिनोम कर, म्हणजे त्यातल्या सगळ्यांचा डीएनए एकत्र वाच. त्याच सॅम्पलच्या डीएनएवरून असेंब्ली (वाचलेले तुकडे जोडणं), त्यावरून जीन शोधायचे, त्यांची प्रोटिन्स म्हणजे तुझा डेटाबेस. हे न करता मेटाप्रोटिओमिक्सवर पैसे घालू नकोस असं माझं स्पष्ट मत आहे. आतड्यातल्या जिवाणूंवर काम करणाऱ्यांचं तयार कॅटलॉगवर भागतं कारण तिथे हजारो जिनोम गोळा झालेत, २०२१ च्या एका कॅटलॉगमध्ये माणसाच्या आतड्यातले दोन लाखांवर जिनोम आणि ४,६४४ प्रजाती आहेत. गाळ, माती, समुद्र यांच्या बाबतीत तेवढं सुख नाही.

जाता जाता, तू अगदी योग्य घरात आली आहेस. २००४ मध्ये विल्म्स आणि बाँड यांनी या विषयातलं जे सुरुवातीचं काम छापलं, मेटाप्रोटिओमिक्स हे नावसुद्धा तिथूनच रुळलं, ते फॉस्फरस काढणाऱ्या लॅब रिॲक्टरच्या गाळावरचंच होतं. तेव्हा द्विमितीय जेलवर ठिपके पाडायचे, ठिपका कापून काढायचा आणि एकेक प्रोटीन ओळखायचं, त्यामुळे ओळखलेली प्रोटिन्स मोजकीच. पुढच्याच वर्षी बॅनफिल्ड यांच्या ग्रुपने कॅलिफोर्नियातल्या आयर्न माउंटन खाणीतल्या आम्लारी पाण्यावरच्या बायोफिल्ममधून दोन हजारांवर प्रोटिन्स दाखवली. तो फरक नुसत्या मशीनचा नव्हता. त्या बायोफिल्ममध्ये मुख्य प्रजाती पाचच आणि त्यांचे जिनोम २००४ मध्येच हातात आलेले होते, म्हणजे हजेरीपट बरोबर होता. सर्वात जास्त प्रमाणात असलेल्या प्रजातीची तर अंदाजे निम्मी प्रोटिन्स सापडली, अंदाजे म्हणजे ४८ टक्के.

आरएनए_पार्टी

वरचं सगळं मान्य, पण मूळ प्रश्नातला अर्धा भाग राहून गेला. हवा बंद आणि हवा चालू यातला फरक प्रोटीनमध्ये बघायचा नाद सोडा.

साधं गणित आहे. जिवाणूचा एमआरएनए काही मिनिटांत तुटतो, प्रोटीन बराच काळ टिकतं. तुमच्या रिॲक्टरमध्ये गाळाचं वय १० दिवस असेल असं धरू, तर ६ तासांच्या एका चक्रात नवीन तयार होणारा बायोमास अडीच टक्क्यांच्या आसपास. मग प्रोटिओम (सगळ्या प्रोटिन्सचा संच) एका चक्रात हलणार किती? पेशीने आता कितीही वेगळं ठरवलं तरी आधीच्या प्रोटिन्सचा साठा तसाच पडून असतो, आणि तुमच्या मोजमापातली चूकच त्या फरकापेक्षा मोठी असते. याच कारणासाठी काही लोकांनी रेडिओलेबल लावून फक्त नव्याने बनलेली प्रोटिन्स वेगळी बघायचा मार्ग काढला होता, तेव्हा कुठे दोन टप्प्यांतले फरक दिसले. तुमची ती तयारी नसेल तर चक्राच्या आतल्या प्रश्नासाठी आरएनए घ्या.

पेप्टाइडपुराण

बरोबर, चक्राच्या आतला प्रश्न प्रोटीनचा नाही. पण तिचा खरा प्रश्न आठवड्यांचा आहे ना, फॉस्फरस हळूहळू कमी निघायला लागला, आणि त्यासाठी आरएनए मला नको वाटतो. सॅम्पल बाहेर काढून थंड करेपर्यंतच एमआरएनए बदलायला लागतो, आणि एमआरएनए किती यावरून प्रोटीन किती हे सांगता येत नाही, दोघांचा संबंध एकेका जीनच्या पातळीवर बऱ्यापैकी ढिला असतो. आठवड्यांच्या बदलाला आठवडे टिकणारी गोष्ट मोजावी.

आरएनए_पार्टी

ठीक आहे, आठवड्यांसाठी प्रोटीन, देऊन टाकलं. तरी एक काडी टाकतोच. प्रोटीन आहे म्हणजे ते काम करतंय असं नाही. पॉलिफॉस्फेट (पेशीतला फॉस्फेटचा साठा) बनवणारं एन्झाइम पीपीके१ दोन्ही काळांत सारखंच दिसेल आणि प्रत्यक्षात पेशीत पॉलिफॉस्फेटच नसेल असंही होऊ शकतं. अक्युम्युलिबॅक्टरला पॉलिफॉस्फेट कमी पडलं तर तो ग्लायकोजेनवर (साठवलेल्या साखरेवर) भागवून ॲसिटेट घेतो, म्हणजे नाव तेच आणि वागणूक कॉम्पेटिबॅक्टरची. हे बदल एन्झाइमची संख्या न बदलतासुद्धा होतात.

तर मास स्पेककडे जायच्या आधी एक फुकटातली टेस्ट करा. हवा बंद असताना किती ॲसिटेट आत गेलं आणि त्या बदल्यात किती फॉस्फेट बाहेर आलं ते मोजा. फॉस्फरसवाले जिवाणू नीट काम करत असतील तर तटस्थ पीएचला साधारण ०.५ मोल फॉस्फरस प्रति कार्बन-मोल ॲसिटेट येतं, ग्लायकोजेनवाल्यांकडे ते शून्याच्या जवळ जातं. पीएचनुसार आकडा खालीवर होतो तेवढं धरून चाला. जुने आकडे वहीत असतीलच, ते शेजारी मांडा. गुणोत्तर घसरलेलं असेल तर निदान कुठे बघायचं ते तरी कळेल.

गाळातली_मासोळी

बापरे, एवढं पटापट. धन्यवाद दोघांनाही.

गुणोत्तर काढलं आत्ताच जुन्या वहीतून, घसरलंय. एकदम नाही, पण उतार सरळ दिसतोय. ॲसिटेट मात्र पूर्वीसारखंच सगळं संपतं हवा बंद असतानाच. म्हणजे कुणीतरी खातंय पण फॉस्फेट न सोडता.

चांगल्या काळातले पेलेट (गाळाचे घट्ट केलेले गोळे) उणे ८० मध्ये ठेवलेले आहेत, दर आठवड्याचे. ते सगळे हवा चालू असलेल्या टप्प्याच्या शेवटी घेतलेले आहेत. त्यामुळे तुलना जमेल असं वाटतंय. चक्राच्या आतला प्रश्न सोडून दिला.

मेटाजिनोम करायचं ठरलं तर डेटाबेस नेमका कसा बांधू? आणि माझ्या फीडमध्ये थोडं पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट असतं, त्याने काही बिघडतं का?

फास्टा_फाइलवाली

पेप्टोनचं विचारलंस हे बरं केलंस, नव्वद टक्के लोक विचारत नाहीत (टक्केवारी माझ्या वैतागातून आलीये, कुठे छापू नका). यीस्ट एक्स्ट्रॅक्टमध्ये यीस्टची प्रोटिन्स असतात, पेप्टोन ज्या कशापासून बनवलंय त्याचे तुकडे असतात, बाटलीवर लिहिलेलं असतं, केसीन असेल तर गायीची दुधातली प्रोटिन्स. ती डेटाबेसमध्ये नसतील तर त्यांचे स्पेक्ट्रा वाया जातील किंवा त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्याच कशाला तरी जाऊन चिकटतील. त्यामुळे यीस्टचा आणि त्या प्राण्याचा प्रोटिओम जोड, नेहमीची कचरा यादी जोड, म्हणजे माणसाचं केराटिन, ट्रिप्सिन वगैरे.

आता मुख्य भाग. एकच मेटाजिनोम करू नकोस, चांगल्या काळातलं एक आणि बिघडलेल्या काळातलं एक असं निदान दोन्हीकडचं कर, नाहीतर नंतर आलेला स्ट्रेन (त्याच जिवाणूचा उपप्रकार) डेटाबेसमध्येच नसेल आणि तू म्हणशील प्रोटीन कमी झालं. असेंब्ली झाली की प्रॉडिगल या सॉफ्टवेअरने जीन काढ. बिनिंग करून (एकाच जिवाणूचे तुकडे एका गटात, म्हणजे बिनमध्ये टाकून) जिनोम वेगळे करता आले तर उत्तमच कारण मग कुठलं प्रोटीन कुणाचं ते सांगता येतं, पण बिनमध्ये न बसलेले कॉन्टिग (जोडलेले डीएनएचे तुकडे) फेकू नकोस, त्यांची प्रोटिन्सपण डेटाबेसमध्ये राहू देत. फेजची (जिवाणूंच्या विषाणूंची) प्रोटिन्स बऱ्याचदा तिथेच सापडतात.

मग लोक डेटाबेस लहान करायला क्लस्टरिंग करतात, म्हणजे सारखे सिक्वेन्स एकत्र करून एकच ठेवतात. ९५ टक्क्यांवर करू नको!! वर पेप्टाइडपुराणने जो हिशोब दिलाय तोच इथे लागतो, ९५ वर क्लस्टर केलंस की एक प्रतिनिधी राहतो आणि बाकी स्ट्रेनची पेप्टाइड गायब. तुझ्या केसमध्ये तर स्ट्रेनच कळीचे असण्याची शक्यता आहे. १६एसला अक्युम्युलिबॅक्टरच्या आतले गट धड दिसत नाहीत, म्हणून तर लोक त्यांचे प्रकार पीपीके१ जीनवरून पाडतात, टाइप एक, टाइप दोन आणि त्यातले उपगट. तेव्हा "१६एस तसंच आहे" हे वाक्य जरा जपून वापर, आत एक गट जाऊन दुसरा आला असेल तरी १६एस तसंच दिसेल. विल्म्स यांच्याच २००८ च्या कामात असल्या गाळात एकाच प्रोटीनचे वेगवेगळ्या स्ट्रेनचे प्रकार एकाच वेळी वापरात असलेले दिसले होते. म्हणून फक्त तंतोतंत सारखे सिक्वेन्स एकत्र कर, त्याच्या पुढे जाऊ नको.

अजून एक. गाळात सिलिएट आणि रोटिफर (जिवाणू नसलेले सूक्ष्मजीव) असतात, मायक्रोस्कोपखाली बघितलेच असतील. प्रॉडिगल हे जिवाणूंसाठी आहे, त्याला इंट्रॉन (जीनच्या मधले प्रोटीन न बनवणारे भाग) कळत नाहीत, त्यामुळे त्यांची प्रोटिन्स अर्धवट किंवा चुकीची निघतात. त्यांचं प्रमाण जास्त असेल तर वेगळा विचार करावा लागेल, थोडे असतील तर सोडून दे, सगळ्यांच्या मागे लागलीस तर पीएचडी संपायची नाही.

दोन पायऱ्यांचा सर्च कुणी सुचवला, म्हणजे आधी मोठ्या डेटाबेसवर ढिलाईने शोधायचं आणि जे सापडलं त्याचा छोटा डेटाबेस करून परत शोधायचं, तर करायला हरकत नाही पण एफडीआरकडे लक्ष ठेव. पहिल्या फेरीत निवडून आलेल्या सिक्वेन्समध्ये खोट्या जुळण्यांचे सिक्वेन्सपण निवडून आलेले असतात, दुसऱ्या फेरीत ताजे डिकॉय जोडले तर ती बरोबरीची लढत राहत नाही आणि १ टक्का म्हणून जे छापलं जातं ते प्रत्यक्षात जास्त असतं.

दादा_सेंट्रीफ्यूज

सगळे सॉफ्टवेअरमध्येच अडकलेत, पेशी फोडायचं कुणी बोलणार आहे का?

गाळ म्हणजे सुट्या पेशी नसतात, चिकट पॉलिमरमध्ये गुंडाळलेले पुंजके असतात. हलक्या बफरने फोडलंस तर जे सहज फुटतात तेच दिसतील आणि तुला वाटेल बाकीचे काही करतच नाहीत. टेट्रास्फेराचं नाव तुझ्या १६एसमध्ये आहे का बघ, तोही पॉलिफॉस्फेट साठवतो आणि तो ग्रॅम पॉझिटिव्ह आहे, जाड भिंत. त्याला फोडायला बीड बीटिंग (बारीक मण्यांबरोबर जोरात हलवणं) आणि एसडीएस (साबणासारखं डिटर्जंट) दोन्ही लागतील, वर उकळतं तापमान. मधे मधे बर्फात ठेव, नाहीतर बीड बीटिंगमध्ये सॅम्पल नको तेवढं तापतं.

एसडीएस वापरलं की ते काढावं लागतं, मास स्पेकला ते अजिबात चालत नाही. फिल्टरवर धुवायची फास्प पद्धत आहे, एस-ट्रॅप आहे, एसपी३ चे चुंबकीय मणी आहेत, तुझ्याकडे जे कुणाला येतं ते घे पण सगळ्या सॅम्पलना एकच घे. अर्धे सॅम्पल एका पद्धतीने आणि अर्धे दुसऱ्या असं केलंस तर पुढे कुठलंही स्टॅटिस्टिक्स वाचवणार नाही.

प्रोटीन किती आलं ते मोजताना ब्रॅडफर्ड टेस्ट वापरू नको, एसडीएसमुळे ती गंडते. बीसीए टेस्टला एसडीएस चालतं पण डीटीटीसारखे रिड्यूसिंग एजंट चालत नाहीत, आणि गाळातली तपकिरी ह्युमिकसारखी घाण त्यालाही फसवते, प्रोटीन आहे त्यापेक्षा जास्त दाखवते. मी तर सरळ एक छोटं जेल चालवून पट्टे बघतो, सगळ्या लेन सारख्या गडद दिसल्या की झोप लागते. अर्क तपकिरी दिसत असेल तर आधी टीसीए किंवा ॲसिटोनने प्रोटीन खाली बसवून धू, नाहीतर कॉलम चोंदला की मास स्पेकवाले परत तुझं सॅम्पल घ्यायचे नाहीत.

आणि हे माझं एकट्याचं रडगाणं नाही. २०२१ मध्ये कॅम्पी नावाची तुलना छापून आली, बऱ्याच लॅबना तीच दोन सॅम्पल दिली होती, एक ८ जिवाणूंचं बनवलेलं मिश्रण आणि एक माणसाच्या विष्ठेचं. पेप्टाइडच्या पातळीवर जो फरक आला त्यातला मोठा वाटा सॅम्पल तयार करण्याच्या पद्धतींचा होता, सॉफ्टवेअरचा त्यापेक्षा कमी. प्रोटीन गटांच्या पातळीवर आलं की फरक बराच मावळतो हेही खरं, ते सांगायला हवं नाहीतर फास्टावाली ओरडेल.

फास्टा_फाइलवाली

ओरडणारच होते 😄

पी_व्हॅल्यूचा_काका

पेलेट दर आठवड्याचे आहेत हे वाचून आनंद झाला आणि लगेच भीती वाटली. रिॲक्टर एकच आहे ना? मग चांगल्या काळातले पाच आणि बिघडल्यानंतरचे पाच असे घेऊन टी-टेस्ट लावणार असशील तर थांब. ते पाच स्वतंत्र रिप्लिकेट नाहीत, एकाच भांड्याचे पाच वेळा काढलेले फोटो आहेत, आजचा गाळ कालच्या गाळातूनच आलेला असतो. दुसरा रिॲक्टर चालवणं शक्य असेल तर चालव. नसेल तर वेळेनुसार मालिका म्हणून मांड, फॉस्फेटच्या आकड्यांबरोबर कुठली प्रोटिन्स वरखाली होतात ते दाखव, आणि लिहिताना "या रिॲक्टरमध्ये असं दिसलं" एवढंच लिही. रिव्ह्यूअर हे पकडतोच.

मशीनवर लावताना क्रम चिठ्ठ्या टाकून ठरव. सगळे चांगले आधी आणि सगळे बिघडलेले नंतर असे लावलेस तर कॉलम जुना होत गेल्याचा परिणाम तुला जीवशास्त्र वाटेल.

गाळातली_मासोळी

काका, तेच करणार होते खरं 🙈 दुसरा रिॲक्टर आहे पण त्याचा गाळ याच रिॲक्टरमधून घेतला होता, तो अजून चांगला चाललाय. तोपण धरते मग.

शेवटचं विचारते. आकडे आल्यावर ते वाचायचे कसे? म्हणजे समजा अक्युम्युलिबॅक्टरचं फॉस्फेट वाहून नेणारं प्रोटीन निम्मं झालेलं दिसलं, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा?

पेप्टाइडपुराण

हा खरा प्रश्न. काहीच अर्थ घ्यायचा नाही, जोपर्यंत अक्युम्युलिबॅक्टरच्या बाकीच्या प्रोटिन्सचं काय झालं ते बघत नाहीस. तो जिवाणूच निम्मा झाला असेल तर त्याचं सगळंच निम्मं होणार, रायबोसोमसुद्धा. म्हणून दोन वेगळे हिशोब ठेव. पहिला, एकूण प्रोटीनपैकी अक्युम्युलिबॅक्टरच्या नावावर किती, हा त्याच्या बायोमासचा अंदाज. १६एसपेक्षा यावर माझा जास्त विश्वास आहे, कारण १६एसच्या प्रती एकेका जिवाणूत वेगवेगळ्या असतात, पीसीआरचा कल वेगळा, आणि मेलेल्या पेशींचा डीएनएसुद्धा मोजला जातो. क्लायनर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये बनवलेल्या मिश्रणांवर तपासून दाखवलंय की प्रोटीनवरून बायोमासचा वाटा चांगला काढता येतो. दुसरा हिशोब, फक्त अक्युम्युलिबॅक्टरची प्रोटिन्स घेऊन त्यांची बेरीज १०० धरायची आणि त्यात ते वाहक प्रोटीन किती टक्के ते बघायचं. पहिला घसरला आणि दुसरा तसाच राहिला तर जिवाणू कमी झालाय. पहिला तसाच आणि दुसरा घसरला तर जिवाणूने वागणं बदललंय, तुझ्या गुणोत्तराकडे बघता मला हेच अपेक्षित आहे, पण पैज लावणार नाही.

दुसरी अडचण सामायिक पेप्टाइडांची. टाइप एक आणि टाइप दोनच्या पीपीके१ मध्ये जे तुकडे सारखे आहेत ते कुणाचे हे कुणीही सांगू शकत नाही, सॉफ्टवेअर त्यांना एका गटात टाकतं आणि बरेच लोक त्या गटातलं पहिलं नाव उचलून टेबलात छापतात. तसं करू नको. स्ट्रेनबद्दल बोलायचं असेल तर फक्त त्या स्ट्रेनचं स्वतःचं पेप्टाइड असेल तरच बोल. ल्युसिन आणि आयसोल्युसिनचं वजन तर अगदी एकच आहे, तेवढ्याच फरकावर दोन स्ट्रेन वेगळे दाखवले असतील तर तो फरक साध्या मास स्पेकला दिसलेलाच नाही. वर्गीकरणासाठी युनिपेप्ट बघ, ते ज्या ज्या जीवांत पेप्टाइड सापडतं त्यांचा सर्वात जवळचा सामायिक पूर्वज देतं, म्हणजे माहीत नसेल तिथे वरच्या पातळीवर थांबतं. पण ते युनिप्रॉटवर चालतं हे लक्षात ठेव, तुझं मुख्य उत्तर तुझ्या बिनमधूनच यायला हवं.

आरएनए_पार्टी

डीडीए (मशीन निवडक पेप्टाइडच फोडतं) की डीआयए (सगळीच फोडतं) हे पण ठरवून घ्या मास स्पेकवाल्यांशी. डीआयएमध्ये सॅम्पलागणिक प्रोटीन गहाळ होण्याचं प्रमाण कमी असतं, वेळेच्या मालिकेसाठी ते सोयीचं. पण लाखो प्रोटिन्सचा मेटाजिनोम डेटाबेस थेट लावला तर कॉम्प्युटर रडतो. आधी काही सॅम्पल डीडीएने चालवून जे सापडलं त्यावरून यादी लहान करायची आणि मग सगळे डीआयएने, असं बरेच जण करतात. वर फास्टावालीने एफडीआरचं जे सांगितलंय ते इथेही लागू.

फास्टा_फाइलवाली

आणि "हायपोथेटिकल प्रोटीन" (काम माहीत नसलेलं) म्हणून जी येतील ती एक्सेलमध्ये फिल्टर लावून उडवू नकोस. गाळात बिननावाची भरपूर येणार. पेप्टाइडपुराणने आयर्न माउंटनचं सांगितलं ना, त्या बायोफिल्ममध्ये जी प्रोटिन्स भरपूर होती त्यातलं एक आधी कुणालाच माहीत नव्हतं, ते सायटोक्रोम निघालं आणि लोहाच्या ऑक्सिडेशनमध्ये मध्यवर्ती ठरलं, म्हणजे ज्या कामावर ती अख्खी वस्ती जगते तेच काम. जीनची यादी बघून ते कुणी उचललं नसतं, ढिगाने सापडलं म्हणून लक्ष गेलं.

तुझ्या अक्युम्युलिबॅक्टरच्या यादीत वरच्या पन्नासात बिननावाचं काही आलं आणि ते फॉस्फेटच्या आकड्यांबरोबर हलत असेल तर सिक्वेन्स इथे टाक. रचनेचा अंदाज काढून कशासारखं दिसतंय ते बघू, शेजारी कुठले जीन आहेत तेही पाठव, कॉन्टिगसकट.

गाळातली_मासोळी

नक्की टाकते. सध्या टेट्रास्फेरा शोधला १६एसमध्ये, आहे, आणि थोडाथोडका नाही. ट्रायलवाल्यांनी बीड बीटिंग केलंच नव्हतं म्हणे, विचारून घेतलं आत्ताच.

दादा_सेंट्रीफ्यूज

बघ!! ते ट्रायलचं एक्स्ट्रॅक्शन बाजूला ठेव आणि परत काढ. आणि ट्यूब गच्च भरू नकोस, मणी हलायला जागा लागते.